तीन नंबरची बाटली

जर्नलच्या डाव्या पानावर आकृती, पेन्सिलीने.
उजव्या पानावर हेतू, साहित्य, कृती.
ब्युरेट मला बरी जमते,
तिची तोटी मात्र दर वेळी
आमच्या मागीलदारच्या नळासारखी होते.

सुकतीला तीन बाटल्या भरल्या.
पहिली जुन्या तरीपाशी,
जिथे आजोबा होडी लावायचे आणि आमचं आडनाव तारी झालं.
दुसरी तिवरांच्या मुळांत.
तिसरी बांधाच्या पलीकडे, पाइप सुटतो तिथे.
आई मुळे काढत होती, गुडघाभर चिखलात.
मान वर न करता म्हणाली,
"थंयचा नको घेव. थंय पाण्याक दम लागलो हा."
मी हसले. पाण्याला कसला दम.

प्रयोगशाळेत पंखा बंद, आम्ही घामाने चिंब.
पाटकर मॅडम सांगत होत्या:
बुडबुडा राहता कामा नये,
आत एवढीशी हवा गेली तरी पाणी खोटं बोलतं.
इनासने पिपेट धरली, मी बूच.
आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड,
मग बाटली उलटी, सुलटी, उलटी.

पहिलीत तपकिरी ढग उतरला, चहाच्या चोथ्यासारखा.
दुसरीत थोडा फिका.
तिसरीत पांढरा,
नारळाचा पहिला रस असावा तसा.
इतका सुंदर, की मी इनासला म्हटलं, बघ!
मॅडम आल्या. बघून गप्प झाल्या.
"रसायन शिळं असेल. पुन्हा करा."
पुन्हा केलं.
पुन्हा नारळाचा रस.

स्टार्च संपला होता.
दाजी शिपायांनी आपल्या डब्यातली पेज गाळून दिली,
तिचे चार थेंब, आणि पहिली बाटली निळीशार.
थेंब थेंब थायोसल्फेट सोडत तो निळा घालवायचा,
जितका उशिरा जाईल तितका प्राणवायू जास्त.
दुसरीचा लवकर गेला.
तिसरीत घालवायला निळा नव्हताच.
पेज पेजेसारखीच राहिली.

भिंतीवरच्या तक्त्यात आठव्या घरात ऑक्सिजन.
आमच्या भटजींच्या पत्रिकेत आठवं घर मृत्यूचं.
हे मी जर्नलमध्ये लिहिलं नाही.

लिहायचं होतं दुसरंच काही.
"नमुना कुठून घेतला" या रकान्यात
मी बराच वेळ पेन टेकवून बसले, शाईचा ठिपका मोठा होत गेला.
पाइप कोळंबीच्या तळ्याचा.
तळं शांताराम काकाचं.
माझी फी, हे जर्नल, हा पांढरा कोटही
त्याच कोळंबीचा.
आणि काका वाईट माणूस नाही,
गणपतीला पहिला मोदक मला देतो.

घरी येऊन आईला सांगितलं. आकडा सांगितला: शून्य.
तिने मुळ्यांची पाटी खाली ठेवली.
"माका ठावक होता.
चिंबोऱ्यो दिवसाढवळ्या बांधार चढतत,
मासे वर येवन तोंडा उघडतत,
तेंका काय बाटली लागता?"
मग थोड्या वेळाने, चुलीपुढून,
"तू शिकतस ना? मगे सांग.
आता तेका दम घेवक काय घालूचा?"

कृतीची सोळा पानं माझ्या पिशवीत होती.
त्यात फक्त मोजायचं कसं ते होतं.

रात्री भरती लागली तेव्हा आम्ही दोघी बांधावर गेलो.
चौथी बाटली धुऊन घेतली होती.
मी वाकले, आईने मागून माझा दंड धरला,
मग म्हणाली, "आण हयसर," आणि स्वतःच उतरली.
बाटली तिने पाण्याखाली तिरकी धरली,
कळशी भरतात तशी, सावकाश,
आणि बूच तिथेच, पाण्याच्या आतच लावलं.
बॅटरीच्या उजेडात मी उलटीसुलटी करून पाहिली.
एकही बुडबुडा नव्हता.

रकान्यात मी लिहिलं:
नमुना चार, भरतीचा, शांताराम तारी यांच्या पाइपाखाली.
मग वर जाऊन तीन नंबरपुढेही तेच नाव लिहिलं,
ठिपक्याच्या शेजारी.