दोन ओळींमधली जागा

मुगभाटातल्या पोटमाळ्यावर
बावीस वर्षं मी लोकांची पुस्तकं लावतो.
दोनशे पानांचा मजकूर
एकशे साठात बसवून देणारा माणूस,
अशी माझी ख्याती.
अक्षर अर्ध्या पॉइंटाने बारीक,
ओळ ओळीच्या डोक्यावर टेकलेली,
समास नखाएवढा.
कागद वाचला की मालक चहा सांगायचे.

ती पानं कोणाला तरी वाचायचीही असतात
हे शाल्मली तिसरीत गेली
तेव्हा कळलं.

नाव मीच ठेवलं,
राणीच्या बागेत फुललेल्या सावरीखाली, हौसेने.
त्यातला अर्धा ल म-ला लगटून बसलाय,
तो तिला अजून सोडवता येत नाही.
वहीवर कधी शामली, कधी शालमी,
एकदा नुसताच शा
आणि पुढे लांबच लांब शिरोरेघ,
वाळत काहीच न घातलेल्या वलणीसारखी.

इतिहासात 'ध'चा 'मा' एकदाच झाला.
आमच्याकडे रोज 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म',
आणि डब्यावरचा 'रवा' ती 'खा' वाचते
आणि खरंच
मूठभर तोंडात टाकते.
हसलो आम्ही. ती पण हसली,
जरा उशिरा.

परळच्या बाईंनी दोन तास तपासलं.
म्हणाल्या, डोळे ठीक, डोकं तल्लख,
पुस्तक बदलून बघा.
तोवर जो तो
पोरगीच बदलायला सांगत होता.

म्हणून दादरच्या दुकानात
चष्मा काढून, हात लांब करून
एकेक पुस्तक उघडं धरतो मी.
देवस्थळी विचारतो, काय बघताय?
पांढरं, मी म्हणतो.
त्याला वाटतं, माझी मस्करी चालली आहे.

चकचकीत कागद नको,
ट्यूबलाइटखाली अक्षरं पोहायला लागतात, असं तीच सांगते.
सायीच्या रंगाचा असेल तर बघू.
झाडाच्या चित्रावर छापलेला परिच्छेद नको.
ओळीच्या टोकाला तोडलेला शब्द नको
(या हातांनी हजारो तोडलेत).
आणि पहिलीतलं ससा-हत्ती तर नकोच;
अक्षरं अडतात तिची, अक्कल नाही.

सगळ्यात खालच्या फळीवर
धूळ खात एक चित्रकादंबरी:
ससून डॉक, एक मुलगी, एक बदनाम मांजर.
यात वाचायला काय आहे? देवस्थळी म्हणाला,
नुसती चित्रं.
तरी बिल केलं. दहा टक्के सूट दिली,
दया आल्यासारखी.

रात्री मी वाचून दाखवत होतो.
एक पान बिनशब्दांचं आलं, मी उलटलं.
तिने हात ठेवला.
'बाबा, हे वाचलं नाहीत.'
'यात काही लिहिलेलंच नाहीये गं.'
'लिहिलंय की! आधीच्या चौकटीत
टोपलीत तीन पापलेटं होती,
इथं दोन.
आणि मांजर तर तिच्या मांडीवर झोपलंय.
बघा, मामाच्या बाहीला खवले.'

मी परत बघितलं.
होते खवले. चार. चंदेरी.
मला फक्त मोकळं पान दिसलं होतं,
पैसे वाया घालवलेलं.

मग पुढच्या चौकटीतला फुगा.
बोट ठेवून, श्वास धरून
तिने स्वतःच उचलले दोन शब्द:
'मी... नाही.'
थांबली.
'मांजर म्हणतंय,' म्हणाली,
आणि पान
तिनेच उलटलं.

सोमवारी प्रेसमध्ये बालकथा आल्या लावायला.
चौसष्ट पानांत बसवायच्या.
मी ओळींना जरा बाजूला सरकायला सांगितलं,
अक्षरांना म्हटलं, पाय पसरा.
शहाऐंशी झाली.
मालक वर आले, पडद्याकडे बघत राहिले.
'पानं फुगली की हो.'
'फुगली,' म्हटलं.

चहा काही आला नाही.