तीन चमचे

दवाखान्यातली नर्स बोट उगारून सांगायची:
सहा महिने.
पाणीसुद्धा नाही.
भिंतीवरच्या तक्त्यातली बाई बाळाला पाजत हसत होती.
तिला कुणी शिट्टी वाजवून उठवत नसणार.

माझी भावजय मामोसा, म्हणजे मोसाची आई.
आमच्यात सून घरात आली की
बाळाआधीच तिला बाळाचं नाव मिळतं.
मासेरूच्या कारखान्यात ती जीन्सचे खिसे शिवते;
दिवसाला किती, ते तिची बोटं झोपेतही मोजतात.
मोसा तीन महिन्यांचा झाला, तिची रजा संपली.
भाऊ खाणीत, सरहद्दीपलीकडे.
म्हणून डोंगरातून मी उतरले,
अंगावर घोंगडं, डोक्यावर ज्वारीच्या पिठाची पिशवी.
"पिठाची गाठ मार्चपर्यंत सोडू नकोस," ती म्हणाली.

पहाटे ती कपात दूध काढून ठेवायची.
कप ओल्या फडक्यात, फडकं खिडकीत.
फ्रीज घरमालकाकडे, आणि घरमालक घरमालकच.
दुपारी मोसाला पाठीशी बांधून
मी कारखान्याच्या फाटकाशी जायची.
जाळीला टेकून ती पाजायची.
शिट्टी झाली की त्याचं तोंड सोडवायची,
अलगद, करंगळीने.

शेजारची मापुलाने म्हणायची,
"पातळ पेज दे बाटलीतून, रात्रभर झोपेल.
माझे पाच असेच वाढले."
पाच वाढले हे खरं.
सहाव्याचं ती बोलत नाही,
मीही विचारत नाही.

जानेवारीतला तो गुरुवार.
पत्रा तापून तडतडत होता.
कपातलं दूध नासलं.
फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, आज माल जायचाय, सुट्टी नाही.
मोसा रडला, रडला, मग थांबला.
थांबला तेव्हा मी घाबरले.

पाणी उकळलं.
उकळी आल्यावरही कितीतरी वेळ उकळू दिलं.
निववलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला,
आणि दिले.
तीन चमचे.
तो माझ्याकडे असा बघत राहिला
जणू मी काहीतरी सांगितलं
आणि त्याला ते पटलं नाही.

ती रात्री नऊला आली, ब्लाउज पुढून भिजलेला.
त्याला छातीशी घेतलं. काही विचारलं नाही.
मी रात्रभर लंगोट चाचपत बसले.
सकाळी सगळं ठीक होतं.
ठीक होतं म्हणून बरोबर होतं असं नाही,
एवढं मला कळतं.

मार्चमध्ये नर्सने मोसाला मांडीवर घेतलं.
मान धरतो? धरतो.
टेकूने बसतो? बसतो.
तुमच्या घासावर डोळा असतो?
मामोसा हसली, "तो तर कधीचा."
"मग आता पेज. चमच्यावर थांबेल अशी, ओघळणारी नको.
अंगावरचं दूध चालूच ठेवा.
आणि पाणी घोट-दोन घोट, उकळून."
उकळून म्हणताना तिने माझ्याकडे बघितलं.
सगळ्यांकडेच बघत असेल.

रविवारी गाठ सोडली.
इतकी बसलेली की दात लावावे लागले.
पहिला चमचा अर्धा हनुवटीवर,
तोंड वाकडं, अंगभर शहारा.
दुसरा त्याने जिभेवर घोळवला,
विचार केला, गिळला.
मग मामोसाने चमच्यात पाणी घेतलं.
चमचा अजून हातभर लांब होता
आणि मोसाने तोंड उघडलं.

ती थांबली.
चमचा मधेच.
पत्र्यावर कुणाची तरी कोंबडी चालत होती.
"याला कसं माहीत?" ती म्हणाली,
माझ्याकडे न बघता.
मी घासलेलंच पातेलं
पुन्हा घासायला घेतलं.

तिने पाणी पाजलं.
एक. दोन.
मग चमचा माझ्यापुढे धरला.
"तिसरा तू दे."