आडवलीला पाणी

रत्नागिरीहून सुटलो तेव्हा आम्ही एकेचाळीस,
नाकावर चांदणी असलेलं काळं इंजिन, पाच डबे,
आणि सगळ्यात मागे, ज्याच्याकडे कुणी बघायचं नाही
असं न बोलता ठरलेलं
एक डिझेल.
चढाला ढकलायला. रेल्वेची अट.
ते फोटोत येऊ नये म्हणून रेगेबाई
पानवलच्या पुलावर अर्ध्या खिडकीबाहेर,
आणि त्यांचे यजमान
त्यांच्या ओढणीचं टोक धरून, डोळे मिटून.

टिकेच्या बोगद्याआधी सूचना झाली, खिडक्या लावा.
लावल्या नाहीत.
साडेचार हजार मग कशाचे मोजले होते?
पुढे चार किलोमीटर नुसता कोळसा,
डोळ्यांत, दातांत, थर्मासच्या चहात,
अणसूरकरांच्या इस्त्रीच्या सदऱ्यात.
खोकता खोकता कुणीतरी हसलं, मग सगळा डबा.
उजेडात आलो तर शिमग्यातले संकासूर,
साठी उलटलेले.

प्रभुदेसाई तेवढे हसले नाहीत.
ते फोटो काढत नाहीत. फक्त आवाज.
बांबूच्या काठीला माईक,
माईकवर लेकीचा लहानपणचा लोकरी मोजा.
मिरजेच्या शेडमागं वाढलेला माणूस.
वडील फायरमन; घरी यायचे तेव्हा
आधी खोकला यायचा, मग ते.

आडवलीला पाणी घ्यायचं होतं.
या मार्गावर इंजिनाला पाणी पाजायचे खांब
कधी बांधलेच नाहीत.
रूळ आले तोवर वाफ संपली होती.
जे इथं कधी घडलंच नाही
त्याची आठवण घेऊन आम्ही आलो होतो,
टोप्या घालून, बिल्ले लावून.

टँकर उभा होता. बारा हजार लिटर. एप्रिल.
कुंपणापाशी बायका, काखेत रिकाम्या कळश्या.
"बया, पिते केवढी!" एक म्हणाली.
आम्हाला हसू आलं,
आणि मग ते कुठं ठेवावं कळेना.
लोबो ड्रायव्हर टेंडरवरून खाली बघत राहिला.
पाइपाचा जोड गळत होता.
तो आवळायला त्याला पाना सापडेना,
हातात असून सापडेना,
सात कळश्या, दोन हंडे
आणि एका पोराची बादली भरेपर्यंत.
उशिराची नोंद झाली: तांत्रिक कारण.

मग शिट्टी.
प्रभुदेसाईंनी ओठांवर बोट ठेवलं.
एकेचाळीस जण श्वास धरून.
पहिला ठोका. दुसरा.
आणि कुंपणापलीकडून, आंब्याखालच्या
प्लास्टिकच्या खुर्चीतून, कुणीतरी मोठ्यानं:
"आगबोट लागली काय गो?"

सून ओशाळली.
"पूर्णगडला पडावावर होते," म्हणाली,
"मुंबईची माणसं खांद्यावरनं उतरवून घ्यायचे.
आता हाक मारली तरी ऐकू जात नाही.
हे कसं गेलं, अल्ला जाणे."
हसनमियां सोलकर उठू बघत होते,
लुंगी गुडघ्यापर्यंत वर खोचून,
पाण्यात उतरायचं असल्यासारखे.

आमची गाडी सुटली होती.

रात्री विश्रामगृहात
अंघोळीचं पाणी तीनदा काळं वाहिलं.
प्रभुदेसाईंनी रेकॉर्डिंग लावलं.
ठोका, ठोका, आणि ती हाक,
अगदी मधोमध, इंजिनाहून स्वच्छ.
अणसूरकर म्हणाले, तेवढा तुकडा काढता येईल,
माझा भाचा करतो असलं.
प्रभुदेसाई काही बोलले नाहीत.
मागे नेऊन पुन्हा लावलं.
पुन्हा.
बाहेर डास, आत बारीक खोकला,
कुणाचा ते अंधारात कळलं नाही.

मग त्यांनी विचारलं,
सकाळी पूर्णगडला जायला
एसटी किती वाजता आहे?