बिनमिठाचा घोळाणा

सेलूच्या दवाखान्यातल्या पोरीनं
कागदावर दोनच गोष्टी लिहून दिल्या:
मीठ बंद.
कच्चा हिरवा पाला, रोज, ताटभर.
प्रयागबाईनं चष्मा न लावताच वाचला
आणि घडी घालून माझ्या खिशात टाकला,
जशी नोटीस
ज्याच्या नावाची त्याला द्यावी.

चौतीस वर्षं मी एसटीच्या डेपोत
गिअरबॉक्स उघडले, मिटले.
पाला म्हणजे ढोरांपुढं टाकायचा
एवढंच ठाऊक.
आता ती बाजेवर,
मी खाली विळी घेऊन.
"मेथीची देठं कामून घेता? कोवळं तेवढं घ्या.
पात बारीक. आणखी बारीक.
नट नाही कापायला बसलात."

घोळाणा कालवायचा नसतो, हे नवीन कळलं.
बोटं सैल सोडायची,
खालचं वर आणायचं, वरचं खाली जाऊ द्यायचं.
दाबलं की पाला पाणी सोडतो,
रुसल्यासारखा परातीला चिकटून बसतो.

पहिल्या दिवशी सगळं होतं:
कांद्याची पात, मेथी, करडईची लुसलुशीत पानं,
मानवतच्या घाण्यावरचं कच्चं तेल,
जाडसर कुटलेले दाणे,
एक मिरची, नाकात जाणारी.
तिनं घास घेतला
आणि बराच वेळ चावत राहिली
दाराबाहेर बघत.
"हाय की चांगलं."
चांगलं म्हणताना तिचा आवाज खाली जातो,
इतक्या वर्षांत मला तेवढं ओळखता येतं.

दुसऱ्या दिवशी लिंबू.
तिसऱ्या दिवशी दह्याची निवळी.
चौथ्या दिवशी मी मिठाचा डबा उघडून
चिमूट धरून उभा,
तर बाजेवरून आवाज:
"दिसतंय बरं का."
मधे आख्खी भिंत होती.

मग मुंजाजी भेटला, पाराजवळ,
सायकलची चेन चढवत होता.
त्याची मी चढवून दिली,
तेव्हा म्हणाला,
"हरभरा घाट्यावर यायच्या आत आंब धरा की, मिस्त्री."

आंब.
हा शब्द तोंडात नुसता फिरवला
तरी दाढांच्या मुळाशी पाणी सुटलं.

तिचंच एक विरलेलं सुती लुगडं काढलं.
"साबण लावू नका, साबणाची चव उतरते,"
तिनं बजावलं, आणि मग स्वतःशीच,
"हे नमीच्या बारशाचं."
दिवस बुडताना मुंजाजीच्या काळ्या वावरात
ते हरभऱ्यावर अंथरलं.
त्याची नातवंडं बांधावर लोळून हसली:
"आजोबा, हरभऱ्याला थंडी वाजती का हो?"

पौषातली पहाट. चपलेला चिखल नाही,
तरी पोटऱ्यांपर्यंत ओला.
लुगडं जड झालं होतं,
रात्रभर कुणी पांघरून झोपल्यासारखं.
पिळलं तशी हाताच्या भेगांत आग उठली;
जिथं ग्रीस अजून काळं बसलंय
नेमकं तिथंच.
बरणीत पडलं दोन बोटं, गढूळ, पिवळसर.
तांब्या नेला नव्हता. कळकतं.
येताना शेंडेही खुडले ओंजळभर.
"खुडा बिनधास्त," मुंजाजी म्हणाला,
"खुडल्याशिवाय फुटत नाही ते."

परात.
हरभऱ्याचे शेंडे, पात, थोडी कोथिंबीर.
तेल आधी, म्हणजे पान तकतकतं.
मग कूट. मग दोन चमचे आंब,
चौफेर शिंपडून.
बोटं सैल.

तिनं खाल्लं, थांबली,
माझ्याकडं पाहिलं
डेपोतला साहेब बघायचा तसं.
"मीठ टाकलं."
"नाही."
"खोटं बोलू नका या वयात."
मी डबा पुढं केला. तिनं झाकण काढून
आतली पातळी बघितली, खरंच बघितली,
आणि परात स्वतःकडं ओढली.

लुगडं तारेवर वाळत होतं,
त्यावर मुंग्या चढायला लागल्या होत्या.
शेवटचं पान बोटानं पुसून घेत
ती म्हणाली,
"उद्या दोन न्या.
कपाटात खालच्या कप्प्यात हिरवंबी हाय,
तेला किनार नाही, लवकर पिळतं."