कोरी पानं

रत्नदीपनं विचारलं, आज्ञा लावून ठेवू का?
रात्री बाराला जी पानं कोरी असतील
ती आपोआप पुसली जातील,
तुम्हाला हात लावायला नको.
मी म्हटलं, थांब. मला एकदा बघू दे.

आगरवाड्याच्या वाचनालयात एकच संगणक,
खारं वारं लागून त्याचा ‘ण’ बसलेला.
त्यावर आम्ही गावाचा विकी चालवतो:
मिठागरांची नावं, वाड्यांची, माशांची,
कोण कुठल्या भरतीला बुडता बुडता वाचला त्याची.
चारशे सव्वीस पानं. त्यांतली एकोणचाळीस कोरी.

पहिलं ‘कखगघ’. शाळेतली पोरं. पुसलं.
दुसरं ‘स्वस्त कर्ज’. कोण कुठला मेला. पुसलं.
तिसरं ‘तारली’, चौथंही ‘तारली’, पुढं फक्त एक टिंब.
पुसलं.
रत्नदीप म्हणाला, बघा, हेच तर यंत्र करील,
न थकता, न कुरकुरता.
बाराव्या पानापर्यंत त्याचंच खरं होतं.

तेरावं: ‘माझे बाबा, आगरातले’.
आत काही नाही.
पण पानाला इतिहास असतो, तो उघडला.
सुलक्षा नागवेकर. रात्री अकरा चाळीसला तीन ओळी.
अकरा बावन्नला दोन.
बाराला पाच कमी असताना एकही नाही.
मग पाच महिने, मधूनच कधीतरी,
येऊन एक मोकळी जागा टाकलेली
आणि जतन केलेली.
बटणावर तसंच लिहिलेलं असतं: जतन करा.

त्या तीन ओळी मी वाचल्या नाहीत.
वाचता आल्या असत्या.
आमच्या ह्या फुकटातल्या विकीत
पान गेलं की इतिहासही जातो.

मी रत्नदीपला सांगू लागलो, पौषात आगरं बघ,
चिखल चोपून गुळगुळीत केलेली कोंडी,
वर दोन बोटं पाणी,
वाटेनं जाणारा म्हणतो, इथं तर काहीच नाही.
आणि बोलता बोलता अडलो.
कारण नदीकडची सात आगरं रिकामी आहेत
ती मीठ धरतील म्हणून नव्हे,
बांध फुटला, नि कोणी बांधला नाही म्हणून.
रस्त्यावरून दोन्ही सारखीच दिसतात.
मलाही.

तर आज्ञा लावू नको, म्हटलं. यादी काढ.
महिन्यातून एकदा मी बघीन.
आणि तुम्ही नसलात तर?
ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं,
साडेसहा वाजले होते, मी खिडक्या लावल्या.

शुक्रवारी सुलक्षा आली.
दोन मासिकं बदलली,
संगणक मोकळा आहे का, विचारलं.
‘ण’ उमटत नाही गो, मी म्हटलं.
चालेल, म्हणाली,
बाबांच्या नावात ‘ण’ नाही.