भेगेचं टोक

रंग कुठला, हे सगळे विचारतात.
भिंत कशी आहे, हे कोणी विचारत नाही.
रंगाचा एक दिवस असतो,
त्याआधीचे सहा माझे.

वालपाराइसोच्या वरच्या टेकडीवर
रुळगाडी संपून पायऱ्या सुरू होतात तिथं
ओर्तेन्सियाबाईंचं घर.
बाहेरून पत्रा, आतून माती आणि चुना.
एकशे बारा पायऱ्या, दर डब्यामागे एकदा.
सामान मधोमध ओढलं, वर जुन्या चादरी.
"कोणी गेल्यासारखं दिसतंय घर," मायकोल म्हणाला.
मी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.
गेलंच होतं कोणी. मागच्याच्या मागल्या हिवाळ्यात.

आधी छत,
कारण घाण खालीच येते.
रॉकेलच्या शेगडीनं बरोबर वर
एक तपकिरी ताट उमटवलेलं.
सोड्याच्या पाण्यानं धुतलं, ओघळ कोपरापर्यंत, मग काखेत.
चहाच्या रंगाचं पाणी, त्याला थंडीच्या रात्रींचा वास.
चौथी बादली स्वच्छ निघाली
तेव्हा मी उतरलो. मान वरच राहिली.

मग भिंती. बोटाच्या पेरानं टकटक करत जायचं.
भरीव जागी भिंत 'हं' म्हणते,
पोकळ जागी आवाज आत पडतो
आणि वर येत नाही. तिथं खडूनं गोल.
शेवटी दिवा भिंतीला गाल लावून धरायचा.
समोरून सगळ्याच भिंती सज्जन.

तसंच दिसलं मला:
खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली भेग,
तिच्या काठानं पेन्सिलीच्या आडव्या रेघा,
प्रत्येकीपुढं तारीख, मुंगीएवढी.
आबेलार्दो बंदरात क्रेन चालवायचा.
जमीन हलली, की कप बशीत थांबायच्या आत
हा भिंतीपाशी.
"किती सरकली?" बाई स्वयंपाकघरातून.
"नखभर."
बरीच वर्षं नखभर, एका रात्री वीतभर,
पुन्हा केसाएवढी.

शेवटची रेघ खांद्याच्या उंचीवर सापडली.
भेग थांबली नव्हती.
रेघेच्या पुढं चार बोटं,
बिनतारखेची.

मायकोलनं पटाशी उचलली. थांब, म्हणालो.
त्याला अजून पटत नाही, की भेग बुजवायची
तर आधी रुंद करावी लागते,
कडा तासून, ओल्या ब्रशनं धूळ काढून,
नाहीतर लांबी वरवर बसते
आणि सहा महिन्यांत भिंत ती थुंकून टाकते.
बाईंनाही हेच सांगितलं, हळू.
तारखा जातील.

त्यांनी चष्मा लावला.
चादरीखाली हात घालून ड्रॉवर चाचपला,
बुटकी पेन्सिल काढली,
टोक शोधायला माझा दिवा मागितला.
रेघ ओढली, थोडी वाकडी. आजची तारीख.
ओठांनी एकदा वाचली.
"आता खरवडा," म्हणाल्या,
आणि आमच्यासाठी पाव भाजायला आत गेल्या.

दुपारभर तासलं. लांबी दोन थरांत,
पहिला सुकेपर्यंत दुसऱ्याची घाई नाही.
मग घासकागद. पांढरी धूळ भुवयांत, पावावर,
मायकोलच्या पापण्यांत.
तळहात फिरवला. हाताला काही लागलं नाही.

शनिवारी अस्तराचा हात.
रंग कुठला, बाईंनी अजून सांगितलेलं नाही.
पेन्सिल खिडकीच्या कट्ट्यावर आहे.
चौकटीला टेप लावताना
मी ती उचलली, खालचं पुसलं,
आणि होती तिथंच ठेवली.