दोन बोटं खाली

ऑक्टोबरात हॅनकॉकला पहाटे काचेवर दव गोठतं
आणि बर्फाची चाकं चढवायची वेळ होते.
तीस वर्षं हे काम रेनोचं.
मी नुसती टोपीत नट धरायची
आणि कॉफी निवली की ओरडायची.

यंदा त्याचा हात पान्यावर ठरत नाही.
म्हणाला, "आर्डिस, तू कर. मी बसतो."
बादली उपडी घातली आणि बसला,
तिकीट काढून आल्यासारखा.

त्याचा जॅक लाल. म्हणजे होता.
आता रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो
ते त्यालाही सांगता येत नाही.
काल संध्याकाळी मी गाडी त्याच्यावर उचलून ठेवली,
खाली कुणी जायचं नाही, नुसती परीक्षा.
सकाळी पट्टी लावली.
दोन बोटं खाली.
आवाज नाही, तेलाचा थेंब नाही,
रात्रभर कुणाला न सांगता
तो बसत गेला होता.

रेनोला दाखवलं.
बराच वेळ पट्टीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "थंडीनं असेल."

वुओरेलाच्या दुकानातला पोरगा नवा,
बाहीवर किमतीची चिठ्ठी चिकटलेली, त्याला पत्ता नाही.
"तीन टनी घ्या, बाई. ट्रकसुद्धा उचलेल."
मला ट्रक उचलायचा नाही रे.
माझी गाडी सोळा वर्षांची, बुटकी,
पोट जमिनीपासून वीतभरसुद्धा नाही.
तुझा पहिलवान तिच्याखाली शिरायचाच नाही,
जिन्यात सोफा अडतो तसा अडेल.

मी फरशीवर गुडघे टेकून एकेकाची उंची मोजली,
सगळ्यात खाली असताना किती, ते.
पोरगा वरची उंची सांगत होता.
वरचं सगळेच सांगतात.

मग दांडा हातात घेऊन दाबत गेले.
एक चौदा दाबांत वर, एक बावीस.
उतरताना मात्र पहिला धाडकन आला,
आणि दुसरा, दांडा जरासा पिळला तसा,
म्हाताऱ्या माणसानं खुर्चीत बसावं
तसा बेतानं.

पोलादी उचलून बघितला. ऐंशी पौंड.
सव्वीस वर्षं शाळेची बस वळवून
उजव्या खांद्याची वाटी झिजली आहे माझ्या;
तिनं लगेच नाही म्हटलं.
ॲल्युमिनियमचा निम्म्याच्या थोडा वर.
किंमत दीडपट.
खांद्याचं ऐकलं.

"आणि दोन घोड्या दे. खाचांच्या, पिनवाल्या."
"जॅक तर कोरा आहे, बाई."
"जॅक उचलतो," मी म्हटलं, "धरायला घोड्या लागतात."
पोरगा हसला.
वुओरेला म्हाताऱ्यानं गल्ल्यामागून वर पाहिलं,
हसला नाही.
मार्टिनची गोष्ट त्याला माहीत आहे.

घरी रेनोनं खोक्यात डोकावून पाहिलं.
"ॲल्युमिनियम? त्यात बटाटे उकडतात."
मी काही बोलले नाही.
खडीत चाकं रुततात म्हणून प्लायवूडची फळी अंथरली,
मागच्या चाकांना विटा लावल्या,
गाडीच्या कडेची शिवण चाचपली,
तिच्याखाली रबराची गादी आली आहे का
ते विजेरीनं बघितलं.
बावीस दाब.
रेनो मोजत होता, ओठ हलत होते.
मग घोड्या, दोन्ही बाजूंना, सारख्या खाचेवर,
आणि जॅक हळूच ढिला केला,
गाडी त्यांच्यावर टेकेपर्यंत.

मी खाली वाकणार, तेवढ्यात तो उठला.
बादली लवंडली.
दोन पावलं आला,
थरथरता हात खिशात ठेवून
खांदा गाडीला लावला
आणि ढकलून बघितलं.
पुन्हा, जरा जोरात.
गाडी हलली नाही.

"हं," म्हणाला. "जा आता."

लाल जॅक त्यानंच मागच्या खोलीत नेला,
फरफटत, कुणाची मदत न घेता.
फेकायचा का, मी विचारलं नाही.
नट माझ्या टोपीत होते,
आणि कॉफी निवली म्हणून
तो आतून ओरडत होता.